रेस कमी ठेव...

तुम्ही म्हणाल, बाईंनी आजवर सहली, दिवाळ्या, शाळेतल्या गमतीजमती असं बरंच काही लिहिलं, आता एकदम ट्रॅक्टरवर कुठे घसरल्या? तेहतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला यंत्रातलं काय कळतं? खरं आहे. कळत नव्हतंच. आणि कळत नसताना मी सल्ला दिला, तोही एकदा नाही, दोनदा. एकदा इथे राहाता तालुक्यातल्या आमच्या बागेत आणि एकदा थेट अमेरिकेत. दोन्हीकडे माणसं माझ्या मुली-मुलासारखी, त्यामुळे त्यांनी ऐकलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमच्याकडे पेरू आणि डाळिंब. आमच्या ह्यांनी २०१२ साली छोटा ट्रॅक्टर घेतला. मोठा ट्रॅक्टर दोन ओळींत शिरत नाही, फांद्या मोडतो, म्हणून हा. ह्यांचा ट्रॅक्टरच्या बाबतीत एकच नियम होता - "रेस कमी ठेव." घरातलं कोणीही स्टिअरिंगवर बसलं की ओट्यावरून आवाज यायचाच. लेक सुट्टीत आली आणि हौसेनं चालवायला बसली तरी तेच. इंजिन जोरात ओरडलं की ह्यांच्या कपाळावर आठी. डिझेल जातं आणि यंत्र झिजतं, असा त्यांचा हिशेब.

हा हिशेब कुठून आला ते मला माहीत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा विहिरीवर जुनं ऑईल इंजिन होतं. मोठ्ठी दोन चाकं, आणि पुक्... पुक्... पुक्... असा आवाज. त्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनांची जातच सावकाश, मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेरे. त्याच्यावर ह्यांची जवानी गेली. आवाज बदलला की काहीतरी बिघडलं, एवढं पक्कं डोक्यात बसलं. सावकाश चालेल ते टिकेल. २०१९ साली हे गेले. ट्रॅक्टर पुतण्याकडे आला, आणि नियम माझ्याकडे.

आता अमेरिकेची गोष्ट.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे पेनसिल्वेनियात होते. त्यांचं घर टेकडीच्या उतारावर, भोवती चारेक एकर जागा. गवत कापायला, थंडीत बर्फ लोटायला आणि माती वाहायला त्यांनी एक जुना छोटा ट्रॅक्टर विकत घेतला होता. मला फार अप्रूप! आपल्या ट्रॅक्टरएवढाच, पण पुढे मातीचं खोरं (लोडर म्हणतात त्याला), पोटाखाली गवत कापायची पाती, आणि गिअर टाकायची कटकट नाही. उजव्या पायाशी दोन पेडल. एक दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. पाय उचलला की जागेवर उभा.

गिअर न बदलता चालणाऱ्या गाडीशी माझी ओळख जुनी आहे. आपल्या नगरच्या कारखान्यात तयार होणाऱ्या कायनेटिकच्या लूनावर मी कितीतरी वर्षं शाळेत गेले. १९७२ साली आली ती लूना. चढ आला की रेस द्यायची, तरी दमली तर पायानं पेडल मारून हातभार लावायचा. त्यामुळे मला वाटलं, हाही लूनाचाच मोठा भाऊ. पेडल म्हणजे रेस, जास्त दाबलं की जास्त ताकद. इथेच चुकले.

कारण ह्या ट्रॅक्टरची रेस पायाशी नव्हतीच. ती हाताशी, एका वेगळ्या दांड्यावर होती. त्या दांड्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला सशाचं. मला तर शाळेतच आल्यासारखं वाटलं! लेक कामाला बसली की आधी तो दांडा बराच सशाकडे न्यायची, इंजिन चांगलं घोंगावायला लागायचं, आणि मग पायानं अलगद पेडल दाबून ट्रॅक्टर अगदी गोगलगाईसारखा चालवायची. मला हे विचित्र वाटायचं. चालायचं गोगलगाईसारखं, तर ओरडायचं कशाला एवढं?

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी म्हटलंच, "अगं, एवढी रेस कशाला? बाबा काय सांगायचे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. दांडा कासवाकडे ओढला.

बाबांचं नाव मी काढायला नको होतं. ते गेले तेव्हा ती वेळेवर पोहोचू शकली नव्हती. त्यांचा शब्द निघाला की ती वाद घालत नाही, हे मला माहीत होतं... असो.

त्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला भाजीचे वाफे करायचे होते. खालून माती भरायची आणि चढावरून वर न्यायची. रेस कमी, खोरं भरलेलं, चढ समोर. ट्रॅक्टर कण्हायला लागायचा. मग ती पेडल आणखी दाबायची. इंजिन आणखी दबायचं, काळा धूर सोडायचं, आणि खालून कुठूनतरी एक बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. मी सावलीत खुर्ची टाकून बसलेली. मनात म्हणायची, बघा, कसं शांतपणे चाललंय!

जुलैच्या मध्यावर एक नवीनच प्रकार सुरू झाला. सकाळी ट्रॅक्टर चढ चढायचा, पण दुपारी तापला की अर्ध्यावर थांबायचा. इंजिन चालू, पेडल पूर्ण दाबलेलं, आणि चाकं मात्र ढिम्म. थंड झाला की पुन्हा थोडा चाले.

शेवटी दुरुस्तीवाला आला. त्यानं तेल काढलं तर ते काळपट, करपल्यासारखा वास. फिल्टर उघडलं तर त्यात धातूचा बारीक चमचमता चुरा. माझं इंग्रजी बेताचंच, पण जावईबापूंनी मला सगळं मराठीत सांगितलं. पहिली गोष्ट, आधीच्या मालकानं फिल्टर फार दिवसांत बदललेलं दिसत नव्हतं. दुसरी, तेल जुनं झालेलं. आणि तिसरी, त्यानं विचारलं, जड काम करताना इंजिनाचा वेग किती ठेवत होता?

"कमी ठेवत होते," लेक म्हणाली. "माझीच चूक."

माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. माझं नावही घेतलं नाही. दुरुस्तीचा आकडा डॉलरमध्ये चार अंकी होता. मी रुपयांत गुणाकार करायला घेतला आणि अर्ध्यात सोडून दिला. रात्री मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं गं." तर म्हणते, "नाही गं आई, जुनाच होता तो." ह्यावर काय बोलणार?

परत आल्यावर माझ्या डोक्यातून ते जाईना. सावकाश चालवल्यानं यंत्र झिजतं? हे कसलं उलटं शास्त्र? आमच्या भागात माझाच एक जुना विद्यार्थी मेकॅनिक आहे. वर्गात मागच्या बाकावर बसायचा, निबंधात कायम नापास. आता गळीत हंगामात ऊसतोडणी यंत्रांच्या दुरुस्तीला जातो. त्याला बोलावलं, चहा ठेवला आणि म्हटलं, आज तू मला शिकव.

तो म्हणाला, "बाई, आपल्या शाळेतला हापसा आठवतो का?"

न आठवायला काय झालं! मधल्या सुट्टीत त्याच्यावरच तर भांडणं व्हायची.

मग त्यानं सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. लेकीच्या ट्रॅक्टरसारख्या यंत्रात इंजिन आणि चाकं ह्यांच्यामध्ये वेग बदलणारे दात्यांचे गिअर नसतात, तेल असतं. ह्याला हायड्रोस्टॅटिक म्हणतात. इंजिन एक पंप फिरवतं. त्या पंपात गोल मांडलेले छोटे छोटे दट्ट्ये असतात आणि त्यांच्यापुढे एक तिरकी होणारी तबकडी. पंपानं दाबाखाली सोडलेलं तेल एका तेल-मोटरला फिरवतं आणि तिच्यावर पुढे चाकं फिरतात. पायातलं पेडल रेस वाढवत नाही, ते फक्त तबकडी तिरकी करतं. तबकडी जितकी तिरकी, तितका दट्ट्याचा फेरा लांब.

"म्हणजे बाई, इंजिनाचा वेग म्हणजे मिनिटाला हापसा किती वेळा मारला ते. आणि पेडल म्हणजे दांडा किती लांब ओढला ते."

आता बघा. हंडा तेवढ्याच वेळात भरायचा आहे. एक तर भराभर छोटे छोटे हात मारा, नाहीतर सावकाश पण लांब लांब ओढा. प्रत्येक लांब ओढीला कंबर मोडते. दम लागलेल्या माणसानं ती ओढ मारायची म्हटली तर तो मध्येच अडकतो. कमी वेगातलं इंजिन म्हणजे तो दमलेला माणूस. चढ आला, इंजिन दबलं, आणि आपण पेडल आणखी दाबलं, म्हणजे दमलेल्याला आणखी लांब ओढ मारायला लावली.

"मग जास्त जोर हवा असेल तेव्हा काय करायचं?" मी विचारलं.

"पाय थोडा उचलायचा."

मी पाहतच राहिले. ओढ छोटी केली की इंजिनावरचा भार कमी होतो, ते पुन्हा वेग धरतं, आणि ट्रॅक्टर सावकाश पण जोरात ढकलतो. गिअरवाल्या ट्रॅक्टरला खालचा गिअर टाकल्यासारखंच ते.

"पण ह्यात झीज कुठे आली?" मी मास्तरीण, सोडते थोडीच!

"बाई, वायसर झिजलेला हापसा सावकाश मारला तर काय होतं?"

पाणी वरच येत नाही! दांडा वर-खाली होतो, पाणी आतल्या आत गळतं. भराभर मारलं तरच येतं. पंपाचंही तसंच. दट्ट्यांच्या फटीतून थोडं तेल आतल्या आत गळतंच. ही गळती मुख्यतः दाबावर आणि तेल किती तापून पातळ झालंय ह्यावर ठरते. इंजिन सावकाश केलं म्हणून ती त्या मानानं कमी होत नाही. म्हणजे कमी वेगात, निघालेल्या तेलातला मोठा हिस्सा गळतीतच जातो, आणि गळलेलं तेल काम न करता नुसतं तापतं. सकाळी चढणारा ट्रॅक्टर दुपारी का थांबायचा, ते मला तेव्हा कळलं.

शिवाय आत एक छोटा दुसरा पंप असतो. गळलेल्या तेलाची भरपाई करायची आणि मोठ्या पंपाला सतत भरलेलं ठेवायचं, हे त्याचं काम. तोही इंजिनावरच फिरतो. इंजिन मंद तर तोही मंद, आणि गार करणारा पंखाही मंद. म्हणजे ओझं सगळ्यात जास्त तेव्हाच तेल कमी आणि वाराही कमी. मोठ्या पंपाला तेल अपुरं पडलं की त्यात बुडबुडे होतात, ते फुटताना धातू टोचला जातो. तेल तापून पातळ झालं की धातू आणि धातू ह्यांच्यामधला पातळ थर राहत नाही, घासाघीस सुरू होते. तो चमचमता चुरा त्याचाच. आणि ती शिट्टी? खोरं मातीत रुतवून किंवा चढावर अडकून पेडल दाबून धरलं की तेलाचा दाब मर्यादेबाहेर जातो. तो सुटायला एक झडप ठेवलेली असते, बहुधा तिचा आवाज. झडप उघडलेली असताना ट्रॅक्टर हलत नाही, तेल मात्र जागच्या जागी तापत राहतं.

ऊसतोडणी यंत्रातही चाकं, बुडखा कापणारी पाती, वर नेणारा पट्टा, सगळं तेलावरच फिरतं, आणि म्हणून तिथे काम चालू असताना इंजिन ठरलेल्या वेगावर लावून ठेवतात, असं तो म्हणाला. ठरलेला वेग म्हणजे यंत्र फाटेस्तोवर पळवणं नव्हे. बनवणाऱ्यानं ज्या वेगावर तासन्‌तास काम होईल असं ठरवून यंत्र घडवलं, तो वेग.

मग ह्यांचा नियम खोटा होता का? हा प्रश्न मी त्याला जरा भीतभीतच विचारला. तो ह्यांना "काका" म्हणायचा.

"नाही बाई. काकांचं बरोबर होतं. पण त्यांच्या ट्रॅक्टरला."

आपल्या गिअरवाल्या ट्रॅक्टरवर हलकं काम असेल, रिकामी ट्रॉली न्यायची असेल, तर वरचा गिअर आणि कमी रेस हा डिझेल वाचवायचा चांगला मार्ग आहे. फक्त इंजिन कण्हता कामा नये. तेलाच्या ट्रॅक्टरलासुद्धा थंडीत सुरू केल्यावर काही मिनिटं मंदच ठेवायचं असतं, कारण तेल तेव्हा घट्ट असतं. हलक्या फेरफटक्याला मधली रेस पुरते. पण ओझं आलं की रेस आधी द्यायची आणि पाय हलका ठेवायचा. रेसच्या दांड्याशिवाय चाकांच्या वेगाचा दुसरा दांडा असतो, त्यावरही तीच ससा-कासवाची चित्रं. जड कामाला पहिला सशाकडे आणि दुसरा कासवाकडे. दोन्ही एकाच वेळी! इतकी वर्षं मी मुलांना त्या गोष्टीत ससा हरवला, इथे दोघं एका गाडीला जुंपलेले.

आपल्याकडच्या छोट्या ट्रॅक्टरांना अजून बहुतेक गिअरच असतात. महिंद्रानं २०२३ च्या १५ ऑगस्टला केपटाऊनमध्ये छोट्या हलक्या ट्रॅक्टरांची मालिका आणली, तिचं नाव ओजा. संस्कृत ओजस्‌वरून घेतलेलं हे नाव मराठीच्या मास्तरणीला आवडणारच. आपल्याकडे मिळणाऱ्या ओजाला गिअर आहेत आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काहींना तेलाचं हे गाडं. म्हणजे आज ना उद्या आपल्या बागांतही ते येईल. तेव्हा कोणी ओट्यावरून "रेस कमी ठेव" म्हणायला नको, एवढ्यासाठी इतकं सविस्तर लिहिलं. आणि तेल-फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या तासांना बदला. नव्या यंत्राचं पहिलं फिल्टर तर बऱ्याचदा ५० तासांतच बदलायला सांगतात. जुनं यंत्र घेतलंत तर आधी तेच बदला. लेकीच्या ट्रॅक्टरची निम्मी गोष्ट तिथेच होती.

आता दुसरा सल्ला. हा जास्त जिव्हारी लागलेला.

२०२२ च्या पावसाळ्यात पुतण्या डाळिंबावर औषध मारत होता. ट्रॅक्टरमागे ब्लोअर. ब्लोअर पीटीओवर चालतो, आणि त्या दांड्याचे मिनिटाला ५४० फेरे व्हावेत असा त्याचा हिशेब. त्यासाठी इंजिनाची रेस बरीच वर न्यावी लागते, काट्याच्या तबकडीवर तशी खूणच असते. मी बांधावरून ओरडले, "रेस कमी ठेव, काकांनी कधी असा पळवला नाही!" त्यानं मुकाट्यानं कमी केली. पंखा मंदावला, वारा कमी पडला, औषध बाहेरच्या पानांवरच राहिलं. त्या वर्षी झाडांवर तेल्या आला. तेल्या माझ्यामुळेच आला असं नाही म्हणता येणार, दमट पावसाळी हवा त्याला पुरते. पण मी मात्र चारचौघांत म्हटलं होतं, "पोराला औषध मारता येत नाही."

तो तेव्हाही काही बोलला नव्हता. लेकीसारखाच.

मेकॅनिक गेल्यावर मी पुतण्याला बोलावलं. म्हटलं, "त्या वर्षी तू बरोबर होतास. मी चुकले. चारचौघांत बोलले, तेही चुकलं."

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "काकू, मी तेव्हा पानं उलटी करून बघितली होती. आतली कोरडीच होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही काकांचं नाव घेतलं ना."

तेहतीस वर्षं मी मुलांना नियम पाठ करून घेतले. ऱ्हस्व-दीर्घाचे, संधीचे, समासाचे. कारण विचारणारा एखादाच निघायचा, आणि त्यालाही मी बऱ्याचदा "आधी पाठ कर" म्हणून खाली बसवलं. वर्ग शांत असला की मला वाटायचं, सगळं ठीक चाललंय. ह्यांच्या नियमाला कारण होतं, विहिरीवरच्या त्या इंजिनाचं. मी नियम उचलला आणि कारण विहिरीवरच ठेवून आले. आणि तो माणूस आता नाही म्हटल्यावर त्याच्या नियमाला विरोध करायची सोयच मी दोन्ही पोरांना ठेवली नाही.

लेकीला हे सगळं मी फोनवर सांगितलं, हापशासकट. ती हसली. मग बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बाबांना हा ट्रॅक्टर दाखवायला हवा होता गं. पहिला दिवस ओरडले असते. दुसऱ्या दिवशी स्वतःच रेस देऊन बसले असते."

खरं आहे. पुस्तक वाचून, कोणाला तरी विचारून, दुसऱ्या दिवशी तेच सांगत फिरले असते सगळ्यांना.

परवा बागेत औषध मारणं चालू होतं. इंजिन चांगलं घोंगावत होतं. मी ओट्यावर बसून होते. सवयीनं तोंड उघडलं होतं, पण मिटलं. पुतण्यानं लांबूनच माझ्याकडे बघितलं. मी हातानं खूण केली, चालू दे.